पॅड अपडेट: डावा गुडघा ब्लॉकवर बसेना, आणि ३५+१ चा बेत रद्द

मंगळवारच्या आइस हॉकीच्या मॅचमध्ये मी गोली, म्हणजे गोलरक्षक, होते आणि पाच गोल खाल्ले. त्यातले तीन एकाच जागेतून गेले, डाव्या पॅडच्या गुडघ्याखालून. तिन्ही वेळा मी पकच्या (हॉकीच्या रबरी चकतीच्या) समोर नीट होते, वेळेत खाली गेले होते, पक पॅडला लागल्याचंही जाणवलं होतं. तरी मागे वळून बघते तर जाळीत. बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन्ही गुडघे टेकून पॅड बर्फावर आडवे पसरल्यावर, बर्फालगतची जागा तरी आपली असायला हवी, आणि तीच उघडी राहत असेल तर वर हात कितीही चपळ चालवा, काही उपयोग नाही.

रात्री साडेअकराला घरी पोचले आणि किट न उघडताच व्हिडिओ लावला. नवऱ्याने फोन जाळीमागच्या काचेला टेकवून ठेवला होता. पहिल्या दोन पिरियडमध्ये मी चौदा वेळा खाली गेले. उजवा गुडघा प्रत्येक वेळी नी ब्लॉकवर, म्हणजे पॅडच्या आतल्या बाजूच्या गुडघा टेकायच्या उशीवर, बसलाय. डावा नऊ वेळा ब्लॉकच्या आत घसरून थेट बर्फावर. गुडघा बर्फावर गेला की पॅडला खालून आधार उरत नाही, आतली कड वर उचलली जाते आणि गुडघ्यापाशी फट पडते. पक असतो १ इंच जाड. आडवा सरपटत आलेल्या पकला तेवढी फट पुरते.

दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये मी ठामपणे लिहिलं होतं की ३४+१ (३४ इंची पॅड, मांडीकडे १ इंच जास्त) मला आखूड पडतात आणि मोसम संपला की ३५+१ घेणार. त्याआधीच्या दोन अपडेटमध्ये टो-टायची (पॅड स्केटच्या टोकाला बांधणारी) चामडी लेस काढून बंजी, म्हणजे ताणणारी दोरी, लावल्याचं, बूट स्ट्रॅप एक भोक सैल केल्याचं आणि काफ स्ट्रॅप (पोटरीचा पट्टा) जवळजवळ लोंबता ठेवल्याचं सांगितलं होतं. बंजीने उजवा पॅड सुंदर फिरायला लागला. डाव्यावर शून्य परिणाम. म्हणून मी सगळा दोष मापावर टाकून मोकळी झाले होते. ती चूक होती. कशी, ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यातल्या दोघीतिघींनी त्या अपडेटनंतर मोठे पॅड शोधायला घेतलेत. जरा थांबा.

गुडघा ब्लॉकवर नेमका कुठे टेकतो हे व्हिडिओत दिसत नाही. पॅड मध्ये येतो. मला खूण हवी होती. आधी खडू लावून पाहिला, तो नी गार्डच्या (पॅडखाली गुडघ्यावर बांधायच्या कवचाच्या) कापडावर धरतच नाही. मग कपाटात दिवाळीची रांगोळी सापडली, केशरी. बैठकीच्या गालिच्यावर जुनी चादर अंथरली, स्केट्स गार्ड लावून घातले, नी गार्ड बांधले, पॅड चढवले. लेकीने दोन्ही नी गार्डच्या आतल्या बाजूला चिमूटभर रांगोळी चोळली. पाच वेळा खाली गेले, पाच वेळा उठले, पॅड सोडले आणि दोन्ही ब्लॉक दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले.

उजव्या ब्लॉकच्या मधोमध केशरी ठसा, बांगडीएवढा गोल, कडा स्वच्छ. डाव्या ब्लॉकवर ठसाच नाही. फक्त आतल्या कडेवरून खाली ओघळलेली एक रेघ, बोटभर रुंद, आणि चादरीवर ढीग. लेक म्हणाली, "आई, तुझा डावा गुडघा बाहेरच पडतोय की!"

महिनाभर ज्याच्यावर डोकं फोडलं ते चिमूटभर रांगोळीने दोन मिनिटांत दाखवलं.

आता मापाची गोष्ट. ठसा दोन्ही पायांवर ब्लॉकच्या वर मांडीकडे सरकलेला असता तर पॅड आखूड. दोन्हीकडे खाली नडगीकडे असता तर लांब. माझा उजवा ठसा बरोबर मध्यावर होता. याचा अर्थ ३४ बरोबर आहे. ज्या दुकानात माझं माप घेतलं तिथल्या माणसाने मला बुटांत उभं करून जमिनीपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली होती, आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं होतं. माप असं घेत नाहीत. स्केट घालून खुर्चीत बसायचं, गुडघा काटकोनात, आणि स्केटची जीभ जिथे घोट्यापाशी वाकते तिथपासून वाटीच्या मध्यापर्यंत मोजायचं. त्यातही प्रत्येक कंपनीचा ३४ वेगळा असतो, म्हणून आकडा ज्या पॅडचा तक्ता बघाल त्याच पॅडसाठी धरायचा. लेकीने दोन्ही पाय तसे मोजले. डावा उजवा अगदी सारखे. मापाचा प्रश्न तिथेच मिटला.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. हे मी आधीच करायला हवं होतं. मागच्या महिन्यात मी एका बैठकीत तीन पट्टे हलवायचे आणि मग कशाने काय झालं ते कळायचं नाही.

पहिल्यांदा नी गार्डची अदलाबदल केली. घसरणारा तरी डावाच. म्हणजे गार्ड खराब नाही. दुसऱ्यांदा डावा स्केट बदलून जुना घातला. तेच. तिसऱ्यांदा काय बदलावं सुचेना म्हणून मांडी घालून बसले आणि पॅड पायावर असतानाच हात आत घातला. उजव्या बाजूला गुडघा आणि बाहेरचा विंग (पॅडची गुडघ्याला बाजूने झाकणारी पट्टी) यांच्यामध्ये माझी दोन बोटं सहज गेली. डाव्या बाजूला नख जाईना.

डाव्या गुडघ्यात मी निओप्रिनची स्लीव्ह घालते. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये चार वर्षं यष्टिरक्षण केलं, तेव्हापासूनचा तो गुडघा आहे, आणि स्लीव्हशिवाय मी बर्फावर उतरत नाही. तिची इतकी सवय झालीय की ती किटचा भाग आहे हेच डोक्यातून गेलं होतं. स्लीव्ह काढून पुन्हा रांगोळी लावली. डाव्या ब्लॉकवर बांगडीएवढा ठसा. अगदी मधोमध नाही, पण ब्लॉकवर! मी आणि लेक दोघी ओरडलो. नवरा वरून धावत आला.

स्लीव्ह जाड आहे म्हणून गुडघा घसरतो, इतकं ते सरळ नाही. स्लीव्हवर नी गार्ड सपाट बसत नाही, थोडा बाहेरच्या बाजूला फिरतो. त्याची बाहेरची कड पॅडच्या विंगमध्ये पाचरीसारखी अडकते. खाली जाताना पॅडने पायाभोवती फिरायला हवं, तर तो पायाला धरून बसतो. गुडघा आधी पोचतो, ब्लॉक मागून येतो, आणि तोवर गुडघा आतल्या कडेवरून निसटलेला असतो. मी खाली काफ स्ट्रॅप सैल करत बसले होते आणि पॅड अडला होता वर.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी मनात येतेय. १८९६ च्या फेब्रुवारीत विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोली मेरिट याने स्टॅनली कप या हॉकीच्या करंडकाच्या लढतीत पायाला चक्क क्रिकेटचे पॅड बांधले होते. पुढे १९२० च्या दशकात इथून तासाभरावरच्या, कॅनडातल्याच हॅमिल्टनमध्ये घोड्यांचं सामान शिवणाऱ्या पॉप्स केनेस्की यांनी तेच क्रिकेटचं पॅड रुंद करून गोलीचं पॅड घडवलं. मी दोन्ही बांधलेत. यष्टिरक्षकाचं पॅड पायाला चिकटून राहिलं तर चांगलं, धावताना फिरलं तर वैताग. आजचं गोलीचं पॅड नेमकं उलटं, ते फिरण्यासाठीच बनवलेलं असतं. माझ्या हाताला अजून पहिली सवय आहे. पट्टा दिसला की आवळते.

तर उपाय. स्लीव्ह राहणार, ती चर्चेबाहेर. उरले दोन मार्ग: पातळ नी गार्ड, किंवा विंग बाहेर सरकवणं. पातळ गार्डला माझा विरोध आहे. सरावात आपल्याच टीमच्या स्लॅप शॉटखाली गुडघ्याची बाजू उघडी ठेवायची माझी तयारी नाही. म्हणून विंगची लेस उसवली. आतली चामडी लेस घामाने दोरीसारखी कडक झाली होती, पक्कड लावून ओढावी लागली. विंग एक भोक बाहेर घेतला आणि नायलॉनची लेस ओवली. चामडी लेस दिसायला देखणी असते हे मान्य, पण ओली झाली की ताणते, वाळली की आखडते, आणि दर महिन्याला तुमचं माप बदलते. विंगवर तरी नायलॉनच हवी. गुडघ्यावरचा न ताणणारा पट्टाही काढला आणि शिवणकामाच्या दुकानातून दीड इंची इलॅस्टिक आणून वेल्क्रोसह घरच्या मशीनवर शिवलं. खर्च एका कॉफीएवढा.

शनिवारी सकाळी मिसिसागात स्टिक अँड पकला (खुल्या सरावाला) गेले. शूटरना सांगितलं, पहिली पंधरा मिनिटं माझ्याकडे मारू नका. क्रीजमध्ये (गोलसमोरच्या रंगवलेल्या जागेत) एकटीने तीस वेळा खाली गेले. सत्तावीस वेळा डावा गुडघा ब्लॉकवर. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. दोन्ही पॅड एकदम बर्फावर आले की एकच भरीव "धप्प" ऐकू येतो, "धप्‌ धप्‌" नाही. ऑक्टोबरपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. तिसाव्या वेळेनंतर तशीच खाली बसून राहिले दोन क्षण.

चुकलेले तीन बघण्यासारखे आहेत. तिन्ही उजव्या खांबाकडून डावीकडे सरकताना चुकले, सरळ खाली जाताना एकही नाही. सरकताना डाव्या पायावर येणारा भार वेगळा असतो, तिथे अजून थोडी अडचण आहे.

बाकीचं थोडक्यात. नवा ट्रॅपर (पक पकडायचा ग्लोव्ह) अजून लाकडासारखा आहे. मध्ये टेनिस बॉल घालून रात्री पट्ट्याने बांधून ठेवतेय आणि रोज टीव्हीसमोर शंभर वेळा उघडझाप. ओव्हनचा सल्ला कुणी देऊ नका, फोम आणि गोंद दोन्ही त्यात मरतात. चेस्ट प्रोटेक्टरची गळ्याजवळची फट मागच्या वेळी सांगितली होती, ती खांद्याचा पट्टा आवळून मिटली. स्केट्सची धार (पात्याच्या खोबणीची त्रिज्या) या वेळी अर्ध्या इंचावरून तीन अष्टमांशावर नेली. ढकलताना पकड छान मिळते आणि सरकणं फारसं कमी झालं नाही, हे मला अनपेक्षित होतं. अर्ध्यावर परत जात नाही.

आता पुढचं. या वाक्यापर्यंत येईपर्यंत माझा बेत असा होता की उजव्या पॅडचा विंगही एक भोक बाहेर घ्यायचा, दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. पण ते चुकलेले तीन वर लिहिताना आठवलं की त्यातले दोन मी आरव्हीएचमध्ये (खांबाला बिलगून एक पॅड बर्फावर आडवा टाकायच्या पवित्र्यात) डाव्या खांबाला टेकायला जाताना चुकले. तिथे डावा पॅड बर्फावर आडवा असतो आणि विंग सैल असेल तर पॅड गरजेपेक्षा जास्त फिरून तोंड छताकडे करतो. म्हणजे ते तीन वेळा चुकलेले गुडघे आधीच्या अडचणीचे नसून माझ्याच उपायाचे असू शकतात. तसं असेल तर विंग एक भोक जास्त झाला, आणि मला भोकांच्या मधलं काहीतरी हवंय. नायलॉनच्या लेसने ते जमेल: वरचं भोक बाहेर, खालचं जुन्याच जागी. विंग तिरका बसेल, वर मोकळा आणि नडगीकडे धरलेला. उजव्याला हात लावत नाही. जो पॅड बरोबर चालतोय त्याला शोभेसाठी हलवणं बरं नाही.

३५+१ साठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं काय, हा लेकीचा प्रश्न. तिचं म्हणणं मास्कला रंग द्यावा. माझं मन केजकडे (मास्कच्या तोंडावरच्या जाळीकडे) आहे, सध्याच्या केजची हनुवटीजवळची एक तार वाकलीय आणि ते पुढे ढकलण्यासारखं नाही. केज आधी.

आज रात्री लेस पुन्हा ओवते. गुरुवारी साडेनऊची मॅच आहे. फोन या वेळी डाव्या खांबामागे ठेवायला सांगितलाय, आणि रांगोळीची पुडी किटच्या बाजूच्या खिशात टाकलीय, टेपच्या शेजारी.