मासळीच्या फळीवरचं गाणं

आज संध्याकाळी टोकियोतल्या निशी-कासाईच्या सुपरमार्केटात बांगडे घ्यायला गेले. बर्फावर मांडलेल्या मासळीशेजारी, वीतभर उंचीच्या स्पीकरवर नेहमीचंच गाणं लागलं होतं, ‘ओसाकाना तेंगोकू’, म्हणजे मासळीचा स्वर्ग. ट्रॉलीत बसलेली लेक पाय हलवत ‘सकाना, सकाना’ म्हणू लागली. सकाना म्हणजे मासा. जपानीतला तिचा तोच पहिला शब्द. आम्ही शिकवला नाही, या गाण्याने शिकवला.

लोकांनी मासे जास्त खावेत म्हणून १९९१ मध्ये जपानच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या महासंघाने ते करून घेतलं. अकरा वर्षं ते दुकानांत वाजत राहिलं. २००२ मध्ये त्याची सीडी रीतसर बाजारात आली, तेव्हा ते देशभर गाजलं. सनटोरी ओल्ड या जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीला संगीतकार कोबायाशी आसेई यांनी दिलेली चाल तर नुसत्या निरर्थक बोलांवर उभी आहे, तीही मला फार आवडते. पण जीव जडलाय तो या गाण्यावरच.

मासे खाल्ले की डोकं तल्लख होतं, असं त्यात म्हटलंय. मालवणला आजी माझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढताना अगदी हेच सांगायची.

रात्री मी लेकीसाठी काटे काढत बसले, आणि ती गात होती.