एक गाणं पास, एक नापास

२०२२ च्या फेब्रुवारीत लताबाई गेल्या, डिसेंबरात सुलोचना चव्हाण. दोन्ही वेळा मला आधी आठवलं ते कोल्हापुरातल्या आमच्या शाळेचं एक जुनं गॅदरिंग. आता शाळेच्या महोत्सवाचं ठरतंय, म्हणून ते सांगावंसं वाटलं.

त्या वर्षी आमच्या वर्गानं ‘ऐरणीच्या देवा’ बसवलं होतं. ‘साधी माणसं’ हा १९६५ चा चित्रपट भालजी पेंढारकरांचा, म्हणजे कोल्हापूरकरांच्या घरचाच. ‘आनंदघन’ या नावानं संगीतही लताबाईंचंच. घणाचा आवाज कशातून काढायचा, यावर संगीताच्या बाई अडून बसल्या. ताट-पळी त्यांना पटेना. शेवटी शिपाईमामांनी शाळेची घंटा, म्हणजे तो रुळाचा तुकडाच, उतरवून आणला. दोघांनी दोरीनं तोलून धरायचा, तिसऱ्यानं हातोडीनं सम गाठायची. पहिल्याच तालमीत असा काही ठण्ण वाजला, की खालच्या मजल्यावरची अख्खी पाचवी दप्तरं घेऊन गेटपर्यंत पोचली!

मुलींना मात्र सुलोचनाबाईंची ‘लवंगी मिरची’ म्हणायची होती, ‘रंगल्या रात्री अशा’मधली. हेडसर एवढंच म्हणाले, “लावणी? शाळेत?” पुढं बोलायची कुणाची टाप होती? गंमत म्हणजे दोन्ही गाणी जगदीश खेबुडकरांची. ते स्वतः पेशानं शिक्षक, आपल्याच कोल्हापुरातले. एका मास्तरांचं एक गाणं पास, दुसरं नापास!

आणि सुलोचनाबाई गायच्या तरी कशा? दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, माइकपुढं सरळ उभ्या राहून. सगळा नखरा गळ्यात. ‘मी कोल्हापूरची’ हे त्या अशा तोऱ्यात सांगतात, की ऐकणाऱ्यानं मुकाट्यानं बाजूला व्हावं. यात शाळेला न शोभणारं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. शाळा सुटली की रंकाळ्यापर्यंत आम्ही सायकलवरून तीच लावणी ओरडत जायचो. ‘ऐरणीच्या देवा’ मात्र बक्षिसासाठी. लताबाईंच्या थोरवीत त्यानं काही उणं होत नाही. पण सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली, तीही थेट २०२२ मध्ये, नव्वदीला टेकल्यावर. लावणीला आपण सगळ्यांनीच फार काळ दाराबाहेर उभं केलं.

महोत्सवाच्या कार्यक्रमाची यादी अजून पक्की व्हायची आहे म्हणे. त्यात ही लावणी धरा. त्या वेळच्या दोघीजणी म्हणायला तयार आहेत, नातवंडं झाली असली तरी. ढोलकीवालाही आमच्याच बॅचचा. उद्यमनगरात फौंड्री आहे त्याची, पण हात अजून चालतो.