म्हशींच्या यादीतली गाय

सकाळी साडेसहाला फोन वाजला. भोगावतीकाठच्या एका दूधसंस्थेचे सचिव होते. "साहेब, बिलं निघंनात ओ. आज वाटप हाय, लोकं दारात येऊन थांबल्यात."

दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. आमच्याकडं कितीतरी घरांचा बाजार, पोरांची फी, पेंडीची उधारी त्या बिलावर भागते. बिलाचा जावा प्रोग्रॅम माझा. चहा न घेताच कोल्हापुरात राजारामपुरीतलं ऑफिस गाठलं.

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, क्लासकास्टएक्सेप्शन ही चूक होती. बिलाच्या लूपमध्ये 'गायदूध' हे 'म्हैसदूध' मानता येईना म्हणून प्रोग्रॅम पडला होता. पण त्या ओळीत चूक काहीच नव्हती. म्हैसदुधाची लिस्ट, तिच्यातून एकेक नोंद काढायची, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून दर लावायचा. चार वेळा वाचली. मग गाय आली कुठून?

ती भरली गेली होती दुसऱ्याच ठिकाणी. मशीनची फाइल वाचून नोंदी भरणारं फंक्शन मीच लिहिलेलं. गाय-म्हैस दोन्हींना एकच चालावं म्हणून त्यात 'दूध'ची लिस्ट मागितली होती. 'म्हैसदूध' हा 'दूध'चाच उपवर्ग, तेव्हा त्याची लिस्टही चालेल असं धरून चाललो. कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, ऐकेना. त्याच्या लेखी म्हैसदुधाची लिस्ट ही 'दूध'ची लिस्ट नव्हे. लिस्टमध्ये कुठल्या प्रकारच्या नोंदी ते टोकदार कंसात लिहितात; वैतागून मी ते कंसच काढले आणि नुसती 'लिस्ट' ठेवली. 'अनचेक्ड', म्हणजे प्रकार तपासला नाही, अशी पिवळी सूचना आली, ती बघूनही पुढं गेलो.

जावात जेनेरिक्स, म्हणजे कंसात असा प्रकार सांगायची सोय, 2004 साली, पाचव्या आवृत्तीत आले. जुना कोड चालत राहावा म्हणून कंपाइल होताना लिस्टमधला प्रकार पुसला जातो. म्हणून चालू प्रोग्रॅममध्ये गाईची नोंद म्हशींच्या लिस्टमध्ये बिनबोभाट शिरली. लिटरची बेरीज 'दूध' म्हणूनच होत होती, तीही बरोबर आली. लिस्टऐवजी ॲरे (ठरावीक लांबीची यादी) असता तर नोंद टाकतानाच ॲरेस्टोअरएक्सेप्शन आलं असतं. इथं चूक पडली एका जागी आणि फुटली बिलाच्या दिवशी.

आधी ती नोंद योग्य लिस्टमध्ये हलवली. दहाच्या आत बिलं छापून निघाली.

दुपारी कोड नीट केला. संकलनावरच्या किटल्या डोळ्यांसमोर आणल्या. झाकलेली किटली गाईची की म्हशीची हे माहीत नसलं, तरी तिच्यातलं दूध मापता येतं. तिच्यात ओतायला मात्र कुणी धजत नाही. टोकदार कंसात 'प्रश्नचिन्ह एक्स्टेंड्स दूध' लिहिणं म्हणजे हीच किटली. काढलेली नोंद 'दूध' असणार ही खात्री, पण आत नल, म्हणजे 'काहीच नाही' हे मूल्य, सोडून काही टाकता येत नाही. बेरजेच्या फंक्शनला हेच लावलं.

भरताना उलटं. 'प्रश्नचिन्ह सुपर म्हैसदूध' लिहिलं की म्हशीची नोंद म्हैसदुधाच्या लिस्टमध्ये जाते आणि सगळ्या दुधाच्या एकत्र लिस्टमध्येही. गाईची टाकायला गेलं तर कंपायलर तिथंच अडवतो. परत काढताना मात्र हाती नुसता 'ऑब्जेक्ट', जावातला सगळ्यांचा मूळ वर्ग, लागतो. पण भरणाऱ्याला काढायचं कुठं असतं? फाइलमधल्या ओळीचा प्रकार वाचून गाय आणि म्हैस वेगळ्या वाटेनं पाठवली.

कंपायलर त्या दिवशी नेमकं हेच विचारत होता: तू या लिस्टमधून काढणार की तिच्यात भरणार? मी उत्तर न देता त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि माणसं सकाळी सहापासून संस्थेच्या दारात उभी राहिली.

संध्याकाळी सगळ्या कोडात 'अनचेक्ड' शोधलं. आणखी सात ठिकाणी सापडलं. दिवे लागेपर्यंत चार झाली, तीन दुसऱ्या दिवशी.