मेणातली बेटे

आमच्या घरी काही टाकून द्यायचे म्हटले की आईचे एक वाक्य ठरलेले असे, "राहू दे, कधीतरी लागेल." श्रीखंडाचे रिकामे डबे, विटलेल्या साड्यांचे काठ, तुटलेल्या छत्रीच्या काड्या, अशा नाना वस्तूंना या वाक्याने अभय मिळे आणि माळा भरत जाई. मी तिच्या या सवयीची पुष्कळ थट्टा केली आहे. पुढे अ‍ॅलन फाउलिस या ग्लासगोच्या पॅथॉलॉजिस्टचे काम वाचू लागलो, तेव्हा त्या थट्टेची थोडी लाज वाटली. कारण मधुमेहाविषयी त्यांनी जे शोधले, ते बहुतांशी इतरांनी जपून ठेवलेल्या आणि कुणी सहसा उघडून न पाहिलेल्या वस्तूंतून शोधले.

आपल्याकडे पॅथॉलॉजी म्हणजे कोपऱ्यावरचे, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जाण्याचे दुकान. या शास्त्राचा दुसरा, अधिक अबोल भाग असतो तो पेशीसमूह तपासण्याचा. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवतात, त्यातले पाणी काढून टाकतात आणि तो वितळलेल्या मेणात बसवून त्याचा काड्यापेटीहूनही लहान ठोकळा करतात. मग मायक्रोटोमच्या पात्याने त्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचे काप काढून ते काचपट्टीवर रंगवतात. काचपट्टीवरून निदान झाले की रुग्णालयाचे काम संपते, परंतु ठोकळा उरतो. त्याच्यावर क्रमांक असतो, तो कपाटात जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. जगभरच्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींना आईचे ते वाक्य कुणी शिकवले असेल, कोण जाणे.

लहान मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहाच्या बाबतीत या ठोकळ्यांना विशेष मोल येते, कारण आजाराचे मूळ स्वादुपिंडात असते आणि जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणे धोक्याचे असते. हा अवयव पाचकरसांचे कोठार आहे, त्यामुळे मृत्यूनंतर तो पाहता पाहता स्वतःलाच पचवू लागतो. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ज्या पुंजक्यांत राहतात, त्या लँगरहॅन्सच्या बेटांचा वाटा अवघा एक-दोन टक्क्यांचा. शिवाय इन्सुलिन उपलब्ध झाल्यापासून आजार नुकताच जडलेली मुले सहसा दगावत नाहीत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तिच्यामुळेच आजाराचा आरंभ डोळ्यांनी पाहण्याची संधी जवळजवळ नाहीशी झाली. बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी १९६५ साली अशा २२ रुग्णांची स्वादुपिंडे तपासली आणि त्यांतल्या १५ जणांच्या बेटांभोवती लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, जमलेल्या दाखवल्या. अवघ्या २२ रुग्णांचा तो पुरावा होता, आणि पुढची कितीतरी वर्षे त्याच्याहून मोठा पुरावा कुणाच्या हाती नव्हता.

ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत काम करणाऱ्या फाउलिस यांनी ही अडचण सोडवली ती नवे यंत्र शोधून नव्हे, तर इतरांची कपाटे धुंडाळून. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत ब्रिटनमध्ये वीस वर्षांच्या आत वारलेल्या मधुमेही मुलांची शवविच्छेदने कुठे कुठे झाली, हे त्यांनी शोधले आणि त्यांची काचपट्ट्या-ठोकळ्यांची सामग्री एकत्र आणली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ११९ जणांचा अभ्यास आहे आणि त्यांतल्या ६० जणांचा आजार नुकताच सुरू झालेला होता. हे आकडे वाचताना माझी नजर थबकते. प्रत्येक क्रमांकामागे एक घर आहे, आणि इन्सुलिन हाताशी असतानाही निदान उशिरा झाले म्हणून किंवा आजार फार झपाट्याने वाढला म्हणून त्या घरातले मूल गेले असणार. लेखात अर्थातच यातले काही नाही. तिथे आहेत फक्त पेशी, आणि त्या मात्र अतिशय बारकाईने पाहिलेल्या.

त्यांना जे दिसले ते समजून घ्यायला आपल्याला भारनियमन आठवले तरी पुरे. एका आळीत मिट्ट काळोख असावा आणि शेजारच्या आळीत घरोघरी दिवे लागलेले असावेत, तसे एकाच स्वादुपिंडाच्या एका खंडातल्या सगळ्या बेटांतून इन्सुलिन नाहीसे झालेले आणि लगतच्या खंडात ते शाबूत, असे चित्र होते. नव्या रुग्णांपैकी ७८ टक्क्यांत लिम्फोसाइटांचा वेढा आढळला. या सगळ्यांहून बोलका वाटतो तो आणखी एक आकडा. इन्सुलिन शिल्लक असलेल्या बेटांपैकी २३ टक्के बेटांना वेढा होता, तर इन्सुलिन संपलेल्या बेटांपैकी केवळ एक टक्क्याला. म्हणजे हल्लेखोर इन्सुलिनच्याच मागावर येत होते आणि ते संपले की पुढे सरकत होते. रिकाम्या बेटांत ग्लुकागॉन हे रक्तातली साखर वाढवणारे संप्रेरक बनवणाऱ्या शेजारच्या पेशी मात्र सुखरूप होत्या. शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि तेही इतके नेमके वेचून, ही गोष्ट आता काचेवर मोजता येत होती.

ते नेमके का उलटते, या प्रश्नाने फाउलिस यांना पुढेही स्वस्थ बसू दिले नाही. १९८७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बीटा पेशींत, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत, अल्फा इंटरफेरॉन असल्याचे दाखवले. पेशी हे द्रव्य बनवते ते मुख्यतः विषाणूची चाहूल लागली की, त्यामुळे संशय साहजिकच विषाणूवर गेला. १९९० साली त्यांनी आपल्या संग्रहात कॉक्सॅकी विषाणूचा शोध घेतला आणि तो सापडला नाही. १९९७ साली इतर विषाणूही धरून पुन्हा शोध घेतला, तेव्हाही हाती काही लागले नाही. नकारार्थी निष्कर्ष सरळपणे छापून टाकणे हे मला शास्त्रज्ञाच्या सचोटीचे फार साधे आणि दुर्मिळ लक्षण वाटते. त्याहून दुर्मिळ गोष्ट पुढे घडली. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी याच संग्रहाचे नवे काप रंगवले आणि २००९ साली जाहीर केले की, ७२ तरुण रुग्णांपैकी ४४ जणांच्या बेटांत एंटेरोव्हायरसच्या, म्हणजे कॉक्सॅकी ज्या गटात मोडतो त्या विषाणूंच्या, प्रथिनाची खूण दिसते. त्या लेखाच्या लेखकांत फाउलिस यांचेही नाव आहे. जिथे आपल्याला काही दिसले नव्हते, तिथे दुसऱ्यांना दिसावे म्हणून आपला ठेवा त्यांच्या हाती देणे आणि त्या निष्कर्षाखाली सहीही करणे, यासाठी मन मोठे लागते. त्या खुणेचा अर्थ काय, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालूच आहे.

हा संग्रह आता एक्सेटरला असतो. सात वर्षांच्या आत आजार जडलेल्या मुलांच्या बेटांभोवती बी लिम्फोसाइट या लिम्फोसाइटांच्याच एका प्रकाराची गर्दी असते आणि तेरा वर्षांनंतर आजार झालेल्यांत ती विरळ असते, हे २०१६ साली दिसून आले, तेही प्रामुख्याने याच मेणाच्या ठोकळ्यांतून. एकाच नावाखाली कदाचित दोन वेगळे आजार नांदत असावेत, हा विचार तिथून बळावला.

आईच्या माळ्यावरच्या डब्यांत आणि या ठोकळ्यांत एक फरक मात्र आहे. डबा वापरला तरी परत माळ्यावर ठेवता येतो. ठोकळ्याचा प्रत्येक काप त्यातला थोडा अंश कायमचा घेऊन जातो, आणि बेट असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचे, त्यामुळे पाते पुढे सरकते तसे एखादे बेट संपून जाते. म्हणून कुणी नवा प्रश्न घेऊन आले की आधी ठोकळ्यात अजून किती उरले आहे ते पाहावे लागते.