कळण्याचं प्रमाण

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही, पण कादंबऱ्यांबद्दलचं त्यांचं मत पक्कं आहे. संध्याकाळी घरी आले की मी पिशवीतून डबा, पाण्याची बाटली आणि पुस्तक असं एकेक ओट्यावर काढते. डबा रिकामा आहे का हे बघून झालं की त्या पुस्तक उचलतात, भाजीवाल्याकडचं वांगं पारखावं तसं उलटसुलट करतात. परवा म्हणाल्या, "इतलं जाडं पुस्तक, आनि शेवटला लगीनच लावतस ना?"

लावतात. काय सांगणार?

हे वेड मला पन्नाशी उलटल्यावर लागलं, आणि त्याला कारण माझी पुतणी. अमळनेरला आमची दोन बिऱ्हाडं एकाच घरात आहेत, दीर-जाऊ वरच्या मजल्यावर. पुतणी बारावीला. मी जळगावला नोकरीला, म्हणजे रोजचं अप-डाऊन. धरणगाव मागे पडलं की लेडीज डब्यातल्या बायका मेथीच्या जुड्या सोडतात आणि जळगाव येईपर्यंत उद्याची भाजी निवडून होते. मला गाडीत मेथी निवडायचा कंटाळा. माझा रिकामा हात बघून पुतणीने एक पुस्तक पिशवीत सरकवलं. "काकू, वाचून बघ. इंग्रजी सोपंय."

इंग्रजी सोपं होतं. अवघड निघालं ते मुखपृष्ठ.

आमच्या कॉलेजच्या काळात इंग्रजी प्रेमकथेवर उघड्या छातीचा पुरुष आणि मान मागे टाकलेली बाई असायची. त्यात प्रामाणिकपणा होता. आत काय आहे ते बाहेरच कळायचं आणि त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं हेही कळायचं. आता गुलाबी-पिवळ्या रंगात दोन कार्टून काढलेली असतात, एक छत्री, एक मांजर, कॉफीचा कप. बालभारतीचं पुस्तक वाटावं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनाही तसंच वाटलं. "किती गोड चित्र! दाखवू का हिला?" म्हणून त्यांनी ते त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या मांडीवर ठेवलं. मी नेमकी एकशे बाराव्या पानावर खूण घातली होती. त्या पानावर काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुस्तक मी इतक्या जोरात ओढून घेतलं की त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मी पुस्तकांच्या बाबतीत कंजूष आहे.

दहाबारा वाचून झाल्या की या प्रेमकथांचा नकाशा डोळे मिटून काढता येतो. मोठ्या शहरातली थकलेली मुलगी लहान गावात येते. गावात तिच्या मावशीने मागे ठेवलेलं घर, नाहीतर बेकरी, नाहीतर पुस्तकांचं दुकान असतं. समोर एक आखडू पुरुष राहतो, तो लाकूडकाम करतो. आणि सगळ्यांकडे वेळच वेळ. बेकरी चालवणारी बाई दुपारी तीनला तलावाकाठी फिरताना दिसली की माझं मन पुस्तकातून उठतं. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला पहाटे चारला भट्टी पेटवतो आणि दुपारी मैद्याच्या पोत्यांवर घोरतो. प्रेमात पडायला त्याला मुहूर्त सापडायचा कुठून?

हे सगळं मी एका रविवारी मुलाला फोनवर ऐकवत होते. तो पुण्याला आयटीत आहे. तो हसला, म्हणाला, "आई, आधी भांडतात आणि मग जमतं ना, त्याला 'एनिमीज टू लव्हर्स' म्हणतात. आणि लोकांना दाखवायला खोटं खोटं जोडपं बनतात ते 'फेक डेटिंग'. प्रत्येक प्रकाराला नाव आहे." मला कौतुक वाटलं. पुढे काही विचारणार होते, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली.

तर हे 'फेक डेटिंग'. नायिकेला बहिणीच्या लग्नात एकटीने जायचं नसतं, म्हणून ती ऑफिसातल्या एकाला म्हणते, तीन दिवस माझा मित्र असल्याचं नाटक कर. चारशे पानं हे नाटक चालतं आणि कोणालाही पत्ता लागत नाही. आमच्याकडे हे करून दाखवा. पहिल्या दिवशी हळदीत मुलाचं आडनाव विचारलं जाईल. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजोळचं गाव, शेती बागायती की कोरडवाहू, आणि चोपड्याच्या कोणाच्या तरी नात्यातून तो आपलाच कसा लागतो हे सिद्ध होईल. तिसऱ्या दिवशी वरात निघायच्या आत सुपारी फुटलेली असेल. नाटक करणारे दोघं तोंडात पेढा धरून बघत बसतील. गोष्ट चाळीस पानांत संपते.

माझी खरी तक्रार आहे ती तीनशेव्या पानाच्या भांडणाबद्दल. पुस्तक चारशे पानांचं असलं की तीनशेच्या आसपास दोघं तुटणार, हे रेल्वेच्या टाइमटेबलपेक्षा खात्रीचं. तुटायला हरकत नाही, पण कशावरून? तिने दाराआडून अर्धं वाक्य ऐकलं, यावरून! एका फोनचं काम असतं. ती फोन करत नाही, पावसात चालत जाते. असं लिहिणारीला मी माफ करत नाही. याउलट काही जणी पहिल्याच प्रकरणात एक गाठ मारून ठेवतात. तो कोणाकडे मदत मागत नाही, किंवा ती कुठल्याही गोष्टीला 'नाही' म्हणू शकत नाही, असं काहीतरी साधं. आणि मग तीनशेव्या पानावर तीच गाठ घशाशी येते. असं पुस्तक वाचताना पाळधी आलं तरी मान वर होत नाही.

आणि शेवटी लग्नच लागतं, याचं म्हणाल तर तो दोष नाहीच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्याच तशी केली आहे. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. बस्स, दोनच अटी. वैशाखात आमच्याकडे सखाराम महाराजांचा रथ निघतो. कुठून निघणार, कुठे वळणार हे सगळ्या गावाला तोंडपाठ. 'शेवटी रथ जागेवरच येणार ना' म्हणून कोणी घरी बसलेलं मी पाहिलं नाही. सासूबाई तर दुपारपासून जागा धरतात. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, उगाच कशाला.

प्रेमकथांनंतर पुतणीने मला रहस्यकथांकडे वळवलं. तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या, 'यंग अडल्ट' म्हणतात त्या. त्यातली पहिली होती कॅरन मॅकमॅनस यांची 'वन ऑफ अस इज लाइंग', २०१७ सालची. शाळेत शिक्षा म्हणून पाच जणांना एका वर्गात बसवतात. त्यातला एक, जो सगळ्यांची गुपितं एका अ‍ॅपवर उघडी करायचा, पाणी पितो आणि मरतो. उरलेल्या चौघांवर संशय. मरतो कशाने? शेंगदाण्याच्या तेलाने. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते.

मी हे वाचलं तेव्हा थंडी होती आणि आमच्या अंगणात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून झाली होती, दीर बडजीत ती ठेचत होते आणि जाऊबाई कढईत शेंगदाण्याचं तेल ओतत होत्या. मोजून नाही, बरणी वाकडी करून. त्यात आणखी मूठभर अख्खे शेंगदाणे. मी सगळ्यांना ती खुनाची पद्धत सांगितली. सासूबाईंनी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेंगदाना खाईसन कोनी मरस का व?" मी म्हटलं, काही लोकांना खरंच चालत नाही, श्वासनलिका सुजते, तातडीने इंजेक्शन द्यावं लागतं. त्यांना पटलं नाही. ज्या मुलखात चटणी, आमटी, भरीत, खिचडी सगळीकडे शेंगदाणा, तिथे हे खुनाचं हत्यार म्हणून खपणं कठीण.

या पुस्तकांतली मुलं हुशार असतात आणि मोठी माणसं झाडून सगळी बावळट. आई-वडील कायम कामावर. सोळा वर्षांची मुलगी रात्री अकराला संशयिताच्या घरात शिरते, आणि घरी 'जेवलीस का' एवढंही कोणी विचारत नाही. खोलीतल्या भिंतीवर ती फोटो, कात्रणं, लाल दोरे लावून तपासाचा फळा करते. पुतणीने त्या नादात भिंतीवर चार पिना टोचल्या होत्या. माझ्या जाऊबाईंनी रंगाचे पोपडे मोजून तपास तिथल्या तिथे बंद केला.

लपवाछपवीही फार. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली या खेळाचे दहा नियम घालून दिले होते. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच कुठेतरी येऊन गेलेला हवा. तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही दिसायला हवा. चोरवाट फार तर एक. हे वाचून मला शाळेतल्या खो-खोची आठवण आली. नियम कडक म्हणून तर पकडापकडीत मजा. आताच्या काही लेखिका मात्र 'आणि तेव्हा तिला ते दिसलं' म्हणून प्रकरण तोडतात आणि काय दिसलं ते साठ पानं सांगत नाहीत. ही रहस्यकथा नव्हे, ही अडवणूक.

एका पुस्तकावर मात्र माझा जीव जडला. हॉली जॅक्सन यांचं 'अ गुड गर्ल्ज गाइड टू मर्डर', २०१९ सालचं. इंग्लंडमधलं लहान गाव. पाच वर्षांपूर्वी एक मुलगी नाहीशी झाली, आणि तिच्या मित्राने, सल सिंग त्याचं नाव, तिला मारून स्वतःही जीव दिला, असं गावाने ठरवून टाकलंय. पिप नावाची मुलगी शाळेचा प्रकल्प म्हणून हेच प्रकरण उकरते, कारण तिला तो मुलगा आठवतो. तो तिच्याशी चांगला वागला होता, एवढंच. मला यातल्या खुनापेक्षा गाव जास्त ओळखीचं वाटलं. माझ्या माहेरी एकदा विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. दिवेलागणीपर्यंत गावाने चोर ठरवला होता, नाव घेऊन. चार महिन्यांनी मोटार दुसऱ्याच तालुक्यात भंगारात सापडली. ज्याचं नाव घेतलं होतं त्याच्याकडे जाऊन 'चुकलं रे बाबा' असं कोणी म्हणालं नाही. नंतर त्याला पंगतीत वाढायला बोलवेनात, तेही तसंच राहिलं.

अशी गोष्ट मराठीत, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी, आपल्या गल्लीत घडणारी का असू नये? फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन आमच्या अमळनेरलाच भरलं, तेव्हा पुतणीला घेऊन मी पुस्तकांचे गाळे फिरले. एका गाळ्यावर विचारलं, "कॉलेजच्या मुलांना आवडेल असं काही आहे?" त्या भल्या माणसाने लगेच तलाठी भरतीची प्रश्नपत्रिका काढली.

रहस्य आणि प्रेम यांत मला पूर्वी फार अंतर वाटायचं. आता वाटत नाही. दोन्हीकडे एकच काम चालतं, दुसऱ्या माणसाकडे टक लावून बघायचं. तो आज डावीकडून का आला, नवा शर्ट कोणासाठी, फोन पालथा का ठेवला. तिकडे त्याला पुरावा म्हणतात, इकडे ओढ. हा शोध मी धरणगाव आणि पाळधीच्या मध्ये लावला आणि स्वतःवर खूश होते.

मग गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. मी भाजी चिरत होते, म्हणून सासूबाईंनी उचलला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "आजी, कळण्याच्या पिठाला ज्वारीत उडीद किती घालायचे गं?"

आमच्या घरी चाराला एक. चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खे काळे उडीद सालीसकट, आणि मीठ. हे प्रमाण सासूबाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायचं नाही. त्या म्हणाल्या, "बरोबरीनं घे बेटा. जितली ज्वारी, तितला उडीद."

मी चाकू खाली ठेवला. वय झालं म्हणायचं आता, असं वाटून पोटात कालवलं. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "पोर शे," त्या म्हणाल्या. "आनि आपला खान्देशनी नही."

कसं काय, तर असं. भुकेला मुलगा भाकरी मागतो, प्रमाण मागत नाही. त्याच्या खोलीवर तवा नाही, हे गणपतीत त्यानेच सांगितलं होतं. म्हणजे प्रमाण दुसऱ्या कोणाला हवंय. खान्देशातली मुलगी असती तर तिने स्वतःच्या आईला विचारलं असतं. आणि कळण्याची भाकरी त्याला आवडते म्हणून जी दळण करायला निघते, ती काही नुसती ओळखीतली नव्हे.

तेव्हा मला तो रविवार आठवला. 'एनिमीज टू लव्हर्स'. माझ्या मुलाने दहावीनंतर क्रिकेटच्या बातम्यांपलीकडे काही वाचलेलं नाही. ही नावं त्याला सांगितली कोणी? धागा नॉक्सच्या नियमाप्रमाणे सुरुवातीलाच माझ्या हातात दिला होता. मी कुकर बंद करायला गेले.

"पण आई, प्रमाण चुकीचं का सांगितलंत?" मी विचारलं. त्यांनी चष्मा पदराला पुसला आणि लसूण सोलायला घेतला.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास फोन वाजला. नंबर मुलाचाच होता, आवाज मात्र मुलीचा, जरा घाबरलेला. "आजी, नमस्कार करते. ते कळण्याचं पीठ... हाताला नुसतं चिकटतंय हो. भाकरी थापताच येत नाहीये."

सासूबाईंनी फोनवर तळवा ठेवला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सापडनी."

मग फोन पुन्हा कानाला लावला आणि एरवी फक्त बँकेत आणि डॉक्टरांसमोर काढतात त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "त्यात ज्वारीचं पीठ घाल अजून, तिप्पट. हां. आणि बाळा, तू कोणत्या गावची?"