आमची वाटचाल : चरक ते काकवीची बाटली

भोगावतीच्या काठावर आमचं गुऱ्हाळ आहे. आजोबांनी सुरू केलं तेव्हा चरकाला बैल जुंपायचे आणि तयार गूळ बैलगाडीनं कोल्हापूरला, शाहूपुरीत जायचा. शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली ही पेठ गुळाचीच. पण नुसती पेठ असून काय होतं? ऊस लागतो, उसाला पाणी लागतं. महाराजांनीच हाती घेतलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या घालायचे, पाणी तुंबलं की काठावरच्या मोटारी सुरू. भुईमूग, मिरची, नाचणी मागं सरली आणि ऊस माळावर चढला. आजोबा म्हणायचे, आम्ही गुऱ्हाळ काढलं नाही, पाण्यानं काढायला लावलं.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या काळात बैल गेले, इंजिनाचा घाणा आला. बाकी सगळं तसंच. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत पडला की चुन्याची निवळी, मग पाण्यात चोळलेली रानभेंडी. तिच्या बुळबुळीत पाण्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. चुलवाणात जाळ घालणारा जळव्या चिपाड सारत असतो. रस उतू येऊ लागला की चमचाभर शेंगतेल. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी वळतो. गोळी जमली की काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात ओतायची. चार मिनिटं उशीर झाला तर आदण, म्हणजे काहिलीतला तो अख्खा घाणा करपलाच. आमचे गुळव्या तात्या थर्मामीटर वापरत नसत. मी नंतर हौसेनं आणला. त्यांची गोळी वळायची तेव्हा काटा 118 अंशांच्या आसपास असायचा, आणि मी गप्प बसायचो.

तात्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. बरोबरच केलं त्यानं. रात्री दोनला उठून धुरात उभं राहायला आता कोण येणार? हल्ली निम्मी टोळी उत्तर प्रदेशची असते. ती माणसं कामाला चोख आहेत, पण होळीला गावी गेली की आमचा हंगाम तिथंच आटोपतो.

कारखान्यांशी आमचं कधी जमलं नाही. ऊस त्यांनाही हवा, आम्हालाही. शेतकऱ्याला कारखान्याकडं एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचा आधार असतो. आमच्याकडं गुळाचा दर पडला की सगळंच पडतं. दुसरं दुखणं रंगाचं. बाहेरचा व्यापारी पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप मागतो, आणि तो रंग हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पूड टाकल्याशिवाय येत नाही. मी हायड्रॉस बंद केला त्या वर्षी एका अडतदारानं आमचा तांबूस गूळ उलटापालटा करून पाहिला आणि 'जनावरांना घाला' म्हणाला. आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग 2019 चा पूर. राधानगरीचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या येत होत्या आणि पंचगंगा फुगल्यामुळं आमच्याकडचं पाणी हलत नव्हतं. आठवडाभर ऊस बुडून राहिला, शेंड्यात पाणी शिरलं. तो ऊस गाळला तर गूळ धरेचना, रवा हातात घेतला की बोटं चिकटायची. 2021 ला पुन्हा तेच. ज्या पाण्यावर धंदा उभा राहिला, तेच असं घरात आलं. वाफ्याशेजारच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या खुणा आहेत, आम्ही चुना मारत नाही.

न धरणाऱ्या रसाचं करायचं काय, यातून काकवी, म्हणजे पातळ गूळ सुचला. काहील 105-106 अंशांवरच उतरवायची, थंड झाली की बाटल्या भरायच्या. बुडलेल्या उसाची काकवी आम्हीच ओतून दिली, चवच नव्हती. पण हात बसला. आता चांगल्या उसाची काकवी आणि एक किलोच्या तांबूस ढेपा थेट पुण्या-मुंबईच्या घरी जातात.

गेल्या दिवाळी पाडव्याला गुळाच्या मुहूर्ताच्या सौद्याला आमचा एकही रवा नव्हता, पहिल्यांदाच. सगळी आदणं बाटल्यांना लागली होती. आबा तरीही फेटा बांधून मार्केट यार्डात गेले, नुसते सौदे बघायला.