लॉग म्हणतो झालं, स्क्रीन म्हणते नाही

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुने प्रबंध स्कॅन करून डीस्पेसवर ठेवतो. एमआयटी आणि एचपीनं 2002 साली आणलेलं हे डिजिटल संग्रह सांभाळायचं मोफत सॉफ्टवेअर. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या सातव्या आवृत्तीवर गेलो. सांभाळायला मी एकटा, तोही ग्रंथालय सहायक. कॉम्प्युटर पडत-धडपडत शिकलेला.

जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली त्या आठवड्यात लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. यूपीएसनं पहिल्याच तासात मान टाकली होती. सर्व्हर चालू केला, साइट उघडली, जुने प्रबंध दिसायला लागले. पण लॉगिन काही होईना. ईमेल, पासवर्ड टाकायचा, बटण दाबायचं, क्षणभर काहीतरी गरगर फिरायचं आणि परत तोच लॉगिनचा चौकोन. चूक सांगणारी लाल पट्टीसुद्धा नाही. पासवर्ड बदलला, कुकीज पुसल्या, ब्राउझर बदलला. मराठीच्या मॅडम लघुशोधप्रबंधाचा पेन ड्राइव्ह घेऊन शेजारी बसलेल्या. कोल्हापुरातल्या तालमींवर काम, दोन वर्षं पेठापेठांतून फिरून केलेलं. "मी नंतर येऊ का?" असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला घाम फुटला.

शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. तो आधीच उघडायला हवा होता, पण आपण आधी पासवर्डवरच संशय घेतो. लॉगमध्ये माझं लॉगिन यशस्वी झाल्याची नोंद होती, एकदा नाही, अकरा वेळा. सर्व्हर आत घेतोय आणि स्क्रीन बाहेर काढतेय! तीच ओळ पुन्हा वाचताना डोळा डावीकडे गेला. तारीख होती 1 जानेवारी, आणि सालही कितीतरी मागचं.

मग उलगडलं. लॉगिन झालं की डीस्पेस ब्राउझरला एक टोकन, म्हणजे आत असल्याची तात्पुरती चिठ्ठी, देतं. सेटिंग बदललं नसेल तर ते 30 मिनिटं चालतं. सर्व्हरनं आपल्या घड्याळाप्रमाणे टोकनवर जानेवारीतली मुदत घातली. माझ्या ब्राउझरनं ती जुलैतल्या घड्याळाशी ताडून पाहिली. हातात पडायच्या आधीच टोकन शिळं! सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलेला, त्यामुळे वीज गेली तशी वेळही गेली. एरवी सर्व्हर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो, पण त्यासाठी लागणारं 123 नंबरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं दार, आमच्या फायरवॉलमध्ये बंद होतं.

महाद्वार रोडला घड्याळाच्या दुकानात गेलो, सीआर 2032 हा बटणासारखा सेल मागितला.

"घड्याळ कुठं हाय?"

"घड्याळ नाही, सर्व्हर आहे."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "त्येला बी सेल लागतोय व्हय?"

सेल बसवला, वेळ हातानं लावली, पोर्ट उघडून घेतलं. पहिल्या झटक्यात आत.

आता मॅडमची पाळी. त्या आत गेल्या, पण नवीन नोंद करायला गेल्यावर संग्रहांची यादी रिकामी. हे पाच मिनिटांचं काम होतं. लॉगिन असणं वेगळं आणि एखाद्या संग्रहात जमा करायचा हक्क असणं वेगळं. त्यांचं नाव त्या संग्रहाच्या सबमिटर, म्हणजे जमा करणाऱ्यांच्या, गटात घालायचं राहिलं होतं. चूक माझीच.

मग फाईल अडकली. 46 एमबीचा प्रबंध चढायचा आणि लाल व्हायचा. मॅडमचं एक पानी प्रमाणपत्र मात्र निमूट गेलं. हा फरक दिसला नसता तर मी आणखी दिवस घालवला असता. एफ12 दाबून ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत पाहिलं तर चुकीचा क्रमांक 413, म्हणजे पाठवलेला ऐवज फार मोठा. डीस्पेसची स्वतःची मर्यादा 512 एमबी असते, म्हणजे अडवणारा दुसराच कुणीतरी. नव्या आवृत्तीबरोबर आम्ही डीस्पेसच्या पुढे एनजिनएक्स, म्हणजे येणारी प्रत्येक विनंती आधी घेणारा वेब सर्व्हर, बसवला होता, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो फक्त 1 एमबी आत सोडतो. तेव्हापासून आल्या त्या सगळ्या लहान फाईली, मोठी कुणी चढवलीच नव्हती. त्याच्या सेटिंगमधली क्लायंट मॅक्स बॉडी साइझची एक ओळ 512 एमबी केली, एनजिनएक्स रीलोड केला, आणि निळी पट्टी टोकापर्यंत गेली. मॅडमनी परवान्याच्या चौकटीत खूण केली आणि जमा केलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "सर, शोधून पाहिलं. माझा प्रबंध कुठंच दिसत नाही."

तपासणीच्या टप्प्यावर थांबला होता. तपासणाऱ्यांच्या गटात एकच नाव, गेल्या मे महिन्यात निवृत्त झालेल्या आमच्या ग्रंथपालांचं. सूचनेची ईमेल त्यांनाच जात होती. फोन लावला तर ते शेतावर.

"अरे, मला वाटलं त्या मेल आपोआप येत्यात. सतरा-अठरा आल्यात बघ."

म्हणजे मॅडमच्या आधीचेही सगळे तिथंच पडून होते. ग्रंथपालांचं नाव काढून माझं घातलं आणि त्या रात्री जेवण झाल्यावर एकेक उघडत बसलो.